'लूत' या एका नावामागील भिन्न रोग : श्वानांतील आनुवंशिक डेमोडेक्स खरजेची ओळख व व्यवस्थापन (विशेष संदर्भ : म्हसावद परिसर)

सारांश

कुत्र्याचे केस गळून कातडी उघडी पडली की त्यास 'लूत लागली' असे ग्रामीण महाराष्ट्रात सरसकट म्हटले जाते. या एका शब्दाखाली कारण, संसर्ग व उपचार या तिन्ही दृष्टींनी परस्परांहून भिन्न असे रोग एकत्र आले आहेत. त्यांपैकी तरुण वयातील सार्वदेहिक डेमोडेक्स खरूज हा रोग संसर्गातून पसरत नाही. तो होण्याची प्रवृत्ती आनुवंशिक असते. प्रस्तुत लेखात या रोगाचे स्वरूप, त्याची इतर रोगांपासून वेगळी ओळख, आजचे उपचार आणि प्रजननाविषयीची जबाबदारी यांचा म्हसावदसारख्या ग्रामीण परिसराच्या संदर्भात विचार केला आहे.

बीजशब्द : लूत, डेमोडेक्स, आनुवंशिक प्रवृत्ती, त्वचेचा खरवड नमुना, निवडक प्रजनन.

प्रस्तावना

म्हसावद हे नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले गाव होय. शहाद्याहून धडगावकडे जाणारा रस्ता या गावावरून जातो. ऊस, केळी, पपई व कापूस यांची शेती आणि डोंगराकडील पाड्यांवरील शेळीपालन या दोन्ही व्यवसायांत कुत्रा हा राखणदार म्हणून माणसाच्या सोबत असतो. अलीकडच्या काळात गावठी कुत्र्यांबरोबरच शहरातून विकत आणलेली लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, पग अशा जातींची पिल्लेही खेड्यांतील घरांत दिसू लागली आहेत. २००३ मधील एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीनंतर पग ही जात देशभर लोकप्रिय झाली, हे सर्वपरिचित आहे. जातिवंत पिल्लाबरोबर त्या जातीतील आनुवंशिक दोषही घरात येऊ शकतात, ही बाब मात्र खरेदीच्या वेळी क्वचितच विचारात घेतली जाते.

पिल्लू पाच-सहा महिन्यांचे झाल्यावर त्याच्या डोळ्यांभोवती वा पुढच्या पायांवर केस विरळ होतात. घरातील मंडळी 'लूत लागली' असे निदान करतात. त्यानंतर जळके ऑइल चोळणे, रॉकेल लावणे किंवा मिळेल ते इंजेक्शन टोचून घेणे असा क्रम सुरू होतो. गुण न आल्यास संसर्गाच्या भीतीने पिल्लास घराबाहेर काढले जाते. ज्या कुत्र्याचा रोग कोणालाही लागण्यासारखा नव्हता, त्यासच संसर्गाच्या नावाखाली टाकून दिले जाते. दुसरीकडे, खरोखर संसर्गजन्य असलेली खरूज 'आपोआप जाईल' म्हणून घरातच राहू दिली जाते. या दोन्ही चुकांचे मूळ अचूक ओळखीच्या अभावात आहे.

उद्दिष्टे

१) 'लूत' या लोकप्रचलित संज्ञेखालील प्रमुख रोगांतील भेद स्पष्ट करणे.
२) डेमोडेक्स खरजेतील आनुवंशिकतेचे नेमके स्वरूप समजून घेणे.
३) निदान व उपचाराच्या आजच्या पद्धतींचा परिचय करून देणे.
४) प्रजननकर्ते, पशुपालक व महाविद्यालये यांच्या जबाबदारीचा विचार करणे.

एक नाव, तीन रोग

लूत या नावाखाली प्रामुख्याने तीन रोग येतात. पहिला सार्कोप्टिस स्केबिआय या माइटमुळे होणारी खरूज. हा सूक्ष्म जीव कातडीच्या वरच्या थरात बोगदे करून राहतो. खाज अतिशय तीव्र असते. कानांच्या कडा, कोपर, मागील पायांचे टाचेकडील सांधे व पोटाखालचा भाग येथे विकृती प्रथम दिसते. कानाची कड बोटांनी चोळली असता कुत्रे मागील पायाने खाजविण्याची हालचाल करते, हे या रोगाचे उपयुक्त लक्षण मानले जाते. हा रोग एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे झपाट्याने जातो. माणसाच्या अंगावरही त्यामुळे पुरळ व खाज उद्भवते. मात्र कुत्र्यावर उपचार झाल्यावर माणसातील त्रास बहुधा ओसरतो.

दुसरा रोग बुरशीमुळे होणारा गजकर्ण होय. त्यात गोलसर चकत्यांच्या आकारात केस तुटतात व कोंडा धरतो. हाही रोग माणसास, विशेषतः लहान मुलांस, लागू शकतो.

तिसरा रोग डेमोडेक्स खरजेचा. १८५९ मध्ये लायडिग या संशोधकाने वर्णन केलेला डेमोडेक्स कॅनिस हा माइट लांबट, चिरुटाच्या आकाराचा असून त्याची लांबी एक मिलिमीटरच्या पाव भागाच्या आसपास असते. तो कातडीच्या पृष्ठभागावर न राहता केशकूपांत व तेथील तैलग्रंथींत राहतो. अंडे, सहा पायांची अळी, आठ पायांची अप्रौढ अवस्था व प्रौढ हे त्याचे संपूर्ण जीवनचक्र कुत्र्याच्या अंगावरच, साधारण तीन ते पाच आठवड्यांत पूर्ण होते. निरोगी कुत्र्यांच्या कातडीतही तो अल्प संख्येने असतो. म्हणजेच हा बाहेरून आलेला शत्रू नसून जन्मापासूनचा सोबती आहे. निरोगी प्रौढ कुत्र्यास अथवा माणसास तो रोगी कुत्र्यापासून लागत नाही.

आनुवंशिकतेचे स्वरूप

येथे एक सूक्ष्म भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. माइट आणि रोगाची प्रवृत्ती या दोन्ही गोष्टी पिल्लास आईकडून मिळू शकतात, परंतु त्यांचे मार्ग वेगळे आहेत. जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत, दूध पिताना आईच्या अंगाशी होणाऱ्या स्पर्शातून माइट पिल्लाच्या अंगावर येतात. शस्त्रक्रियेद्वारे जन्मलेल्या व आईपासून दूर वाढविलेल्या पिल्लांच्या अंगावर ते आढळत नाहीत, हा त्याचा पुरावा होय. हे संक्रमण जवळजवळ सर्वच पिल्लांत होते. तरीही आजारी पडतात ती मोजकीच. ती आजारी पडतात याचे कारण त्यांची प्रतिकारशक्ती या एका माइटची संख्या मर्यादेत ठेवण्यास कमी पडते. ही उणीव आई व वडील या दोघांच्याही जनुकांतून येऊ शकते.

रोग काही घराण्यांत आणि काही जातींत एकवटलेला दिसतो, यावरून आनुवंशिकतेचा निष्कर्ष काढण्यात आला आहे. पग, बुलडॉग, शार-पे व स्टॅफर्डशायर या जातींत त्याचे प्रमाण अधिक आढळते. मात्र त्यास जबाबदार असे एकच जनुक निश्चित झालेले नाही. प्रतिकारशक्तीशी निगडित अनेक जनुकांचा एकत्रित परिणाम आणि त्यावर कुपोषण, जंत, अन्य आजार यांचा पडणारा भार, अशी या रोगाची घडण मानली जाते.

तुलनेसाठी गोल्डन रिट्रीव्हर जातीतील इक्थिओसिस हा विकार पाहता येईल. त्यात कातडीवर माशाच्या खवल्यांसारखे पापुद्रे येतात. या विकाराचे मूळ असलेला पीएनपीएलए-१ या जनुकातील बदल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. हा विकार अप्रभावी जनुकामुळे होतो. त्यामुळे दोन्ही पालक बाह्यतः निरोगी परंतु वाहक असतील, तर प्रत्येक पिल्लास विकार होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के व पूर्णतः मुक्त असण्याची २५ टक्के, हे मेंडेलचे गणित तेथे तंतोतंत लागू पडते. गालाच्या आतील पेशींच्या तपासणीने वाहक ओळखता येतो. डेमोडेक्स खरजेस अशी जनुकीय चाचणी उपलब्ध नाही. म्हणून तेथे घराण्याची नोंद हाच वाहक ओळखण्याचा एकमेव मार्ग उरतो. प्रजननाच्या प्रश्नाचे महत्त्व यातूनच निर्माण होते.

लक्षणे

या रोगाची दोन रूपे आहेत. स्थानिक रूपात तीन ते सहा महिन्यांच्या पिल्लाच्या डोळ्यांभोवती, ओठांच्या कडेला किंवा पुढच्या पायांवर दोन-चार लहान चट्टे येतात. तेथील केस गळतात, कातडी किंचित लालसर होते व कोंडा दिसतो. खाज नसते किंवा अगदी अल्प असते. अशी सुमारे ९० टक्के पिल्ले कोणत्याही माइटनाशक औषधाविना, बहुधा दीड-दोन महिन्यांत, आपोआप बरी होतात.

उरलेल्या पिल्लांत रोग सार्वदेहिक रूप धारण करतो. चट्टे वाढून एकमेकांत मिसळतात, कातडी जाड व काळसर होते, केशकूप काळ्या ठिपक्यांसारखे भरून येतात. पुढे त्यात जिवाणूंचा संसर्ग होऊन पुवाच्या पुळ्या, रक्तस्राव, दुर्गंधी, ताप व गाठींना सूज ही लक्षणे दिसतात. या अवस्थेत खाजही येते. त्यामुळे सार्कोप्टिक खरजेशी गल्लत होण्याचा संभव येथेच सर्वाधिक असतो. केवळ पायांच्या पंजांत राहणारा प्रकार विशेष चिवट असतो.

आनुवंशिक प्रवृत्तीचा रोग साधारणतः दीड वर्षाच्या आत सुरू होतो. चार वर्षांवरील कुत्र्यात तो प्रथमच उद्भवल्यास थायरॉइड वा अधिवृक्क ग्रंथींचे विकार, कर्करोग किंवा प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे यांचा शोध घ्यावा लागतो. म्हणून पशुवैद्यकास रोग्याचे वय आणि रोग सुरू झाल्याचा काळ अचूक सांगणे महत्त्वाचे आहे.

निदान

केवळ नजरेने या रोगाचे निदान करता येत नाही. त्यासाठी खोलवर घेतलेला खरवड नमुना हीच प्रमुख कसोटी आहे. चट्ट्याची कातडी चिमटीत दाबून केशकूपांतील द्रव्य वर आणले जाते. बोथट पात्याने, किंचित रक्त दिसेपर्यंत, केसांच्या दिशेने खरवडून ते काचपट्टीवरील तेलाच्या थेंबात पसरले जाते. असे नमुने तीन ते पाच ठिकाणांहून घेतात. डोळ्यांजवळ वा पंजांत खरवडणे धोक्याचे असल्याने तेथील केस मुळासकट उपटून तपासतात. साध्या संयुक्त सूक्ष्मदर्शकाच्या शंभरपट विशालनात माइट स्पष्ट दिसतो.

एखाददुसरा माइट दिसला तर आणखी नमुने घ्यावे लागतात, कारण निरोगी कातडीतही तो क्वचित आढळू शकतो. अनेक प्रौढ माइट, त्यांच्या अळ्या व अंडी दिसल्यास निदान पक्के होते. जिवंत, मृत, प्रौढ व अप्रौढ यांची वेगवेगळी मोजणी लिहून ठेवल्यास पुढील महिन्यात उपचाराचा गुण प्रत्यक्ष आकड्यांत तपासता येतो. याउलट, सार्कोप्टिस संख्येने कमी असल्याने खरजेच्या रोग्यात नमुना अनेकदा रिकामा येतो. त्यामुळे तेथे लक्षणांवरून उपचार सुरू करण्याचा मार्ग स्वीकारला जातो. एका रोगात नमुन्यावर भर द्यावा लागतो, तर दुसऱ्यात लक्षणांवर. 'लूत' या एका शब्दाने हा भेद पुसला जातो.

उपचार

स्थानिक रोगात माइटनाशक औषध न देता पिल्लाचा आहार सुधारणे, जंतनाशक देणे व दर महिन्यास तपासणी करणे पुरेसे असते. याचा आणखी एक लाभ आहे. सर्वच पिल्लांना सरसकट औषध दिल्यास कोणते पिल्लू स्वबळावर बरे झाले असते आणि कोणाचा रोग पसरला असता, हे कळण्याचा मार्ग बंद होतो. परिणामी सदोष प्रवृत्तीचे कुत्रे निर्दोष समजून प्रजननासाठी ठेवले जाते.

सार्वदेहिक रोगात मात्र उपचार अनिवार्य आहेत. गेल्या दशकात आयसोक्साझोलिन गटातील औषधांनी, म्हणजे अफोक्सोलेनर, फ्लुरालेनर इत्यादींनी, या रोगाच्या उपचारात मोठा बदल घडवून आणला. मूलतः गोचीड व पिसवा यांसाठी आलेली ही तोंडाने द्यावयाची औषधे डेमोडेक्सवरही अत्यंत परिणामकारक ठरली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये या गटामुळे काही कुत्र्यांत झटके येण्याची शक्यता असल्याचा इशारा दिला. त्यामुळे फेफऱ्याचा पूर्वेतिहास असल्यास तो पशुवैद्यकास सांगणे आवश्यक ठरते. ग्रामीण पशुपालकास या औषधांची किंमत जड वाटते, ही वस्तुस्थिती आहे.

दुसरा, जुना व स्वस्त मार्ग अमिट्राझच्या द्रावणाचा. जनावरांच्या गोचिडांसाठी मिळणारे अमिट्राझ १२.५ टक्के तीव्रतेचे असते. त्यापासून ०.०५ टक्क्यांचे द्रावण करण्यासाठी एक लिटर पाण्यात केवळ ४ मिलिलिटर औषध लागते. 'अंदाजे टोपणभर' ही मोजणी येथे विषबाधेस आमंत्रण देणारी ठरते. सुस्ती, नाडी मंदावणे व रक्तातील साखर वाढणे ही विषबाधेची लक्षणे होत. द्रावण पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली, उघड्या हवेत व हातमोजे घालून लावावे. मधुमेही व्यक्तीने ते हाताळू नये. घोड्यांसाठी अमिट्राझ धोकादायक आहे. सारंगखेड्याच्या घोडेबाजाराची परंपरा असलेल्या याच तालुक्यात ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

तिसरे औषध आयव्हरमेक्टिन. डेमोडेक्ससाठी ते तोंडावाटे, दररोज व कित्येक आठवडे द्यावे लागते. गुरांसाठीचे इंजेक्शन एक-दोनदा टोचून हा रोग बरा होत नाही. शिवाय कोली व तत्सम मेंढपाळ जातींत एमडीआर-१ या जनुकातील बदलामुळे हे औषध मेंदूत शिरते व जीवघेणे ठरते. या बदलाचा शोध २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. रोग आनुवंशिक, तशीच औषधाची विषबाधाही आनुवंशिक, असा हा दुहेरी प्रश्न आहे. कुत्र्याची जात वा संकर ठाऊक नसताना हे औषध देणे म्हणूनच जोखमीचे असते.

औषधाबरोबर बेंझॉइल पेरॉक्साइड वा क्लोरहेक्झिडिन असलेल्या शाम्पूने अंग धुणे जिवाणूसंसर्गासाठी उपयुक्त ठरते. उपचार केव्हा थांबवावेत, हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. केस उगवून कुत्रे देखणे दिसू लागले तरी कातडीत माइट शिल्लक असू शकतात. म्हणून महिन्याच्या अंतराने घेतलेले लागोपाठचे दोन नमुने माइटमुक्त येईपर्यंत तरी उपचार चालू ठेवावेत आणि त्यानंतर वर्षभर लक्ष ठेवावे. नियमित उपचाराने तरुण वयातील बहुतांश कुत्री बरी होतात.

टाळावयाच्या गोष्टी

जळके ऑइल व रॉकेल यांनी कातडी भाजते. कुत्रे अंग चाटत असल्याने ही द्रव्ये त्याच्या पोटातही जातात. गंधकाचा वापर सार्कोप्टिक खरजेत उपयुक्त असला, तरी केशकूपाच्या तळाशी राहणाऱ्या डेमोडेक्सबाबत त्याचा भरवसा धरता येत नाही. सर्वांत घातक चूक स्टेरॉइडची आहे. खाज थांबविण्यासाठी दिलेले हे औषध दोन दिवस आराम देते, परंतु मुळातच उणी असलेली प्रतिकारशक्ती दडपून टाकते. त्यामुळे आपोआप बरा होऊ शकणारा स्थानिक रोग सार्वदेहिक बनतो. खरवड नमुना तपासल्याशिवाय केसगळतीच्या पिल्लास स्टेरॉइड देऊ नये, हा नियम पशुपालकानेही माहीत करून घ्यावा.

प्रजननाची जबाबदारी

उपचाराने कुत्रे बरे होते, पण त्याची जनुके बदलत नाहीत. बऱ्या झालेल्या कुत्रीची प्रवृत्ती तिच्या पिल्लांत उतरू शकते. शिवाय माजावर येणे व गाभण राहणे या काळात तिचा स्वतःचा रोगही उलटू शकतो. म्हणून सार्वदेहिक रोग झालेल्या नर व मादी दोघांचीही नसबंदी करावी, असा पशुवैद्यक शास्त्राचा सल्ला आहे. ज्या जोडीच्या वेतात असे पिल्लू निपजले ती जोडी पुन्हा लावू नये. त्या वेतातील इतर भावंडांनाही प्रजननापासून दूर ठेवणे श्रेयस्कर होय.

सख्ख्या भावंडांचा किंवा बाप-लेकीचा संकर केल्यास अंतःप्रजननाचा गुणांक २५ टक्के, सावत्र भावंडांत १२.५ टक्के, तर सख्ख्या चुलत-मावस भावंडांत ६.२५ टक्के असतो. 'शुद्ध रक्त' टिकविण्याच्या हौसेने केलेला निकटचा संकर लपलेले दोष उघडे करतो. प्राणी क्रूरता प्रतिबंधक (श्वान प्रजनन व विपणन) नियम, २०१७ अन्वये प्रजननकर्त्यास नोंदणी बंधनकारक आहे. मादीचे वय किमान १८ महिने असणे आवश्यक असून दोन महिन्यांखालील पिल्लाची विक्री करता येत नाही. ही वयोमर्यादा येथे सूचक आहे. अठरा महिने हाच या रोगाच्या प्रारंभाचाही बहुतांश काळ होय. तोवर वाट पाहिल्यास रोगप्रवृत्ती असलेली बहुतेक कुत्री प्रजननापूर्वीच ओळखता येतात. ग्राहकानेही पिल्लू घेताना आई-वडिलांना प्रत्यक्ष पाहावे आणि आधीच्या वेतांची चौकशी करावी.

मोकाट व गावठी कुत्र्यांत मुक्त संकरामुळे जनुकीय वैविध्य अधिक असते, ही जमेची बाजू होय. तथापि कुपोषण व जंतांच्या भारामुळे त्यांच्या पिल्लांतही हा रोग बळावू शकतो. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार होणारी नसबंदी ही अशा कुत्र्यांच्या त्वचातपासणीचीही संधी ठरू शकते.

महाविद्यालयांची भूमिका

मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ मध्ये स्थापन झाले. २००० मध्ये नागपूर येथे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना झाली. तरीही सातपुड्याच्या पायथ्यावरील पशुपालकास त्वचारोगतज्ज्ञ सहजी उपलब्ध होत नाही. या रोगाच्या निदानास मात्र महागडे यंत्र लागत नाही. लागतो तो साधा सूक्ष्मदर्शक, आणि तो विज्ञान शाखेच्या प्रत्येक महाविद्यालयातील प्राणिशास्त्र विभागात असतो. नमुना घेणे व उपचार ठरविणे हे पशुवैद्यकाचेच काम आहे. परंतु परिसरातील पशुवैद्यकीय दवाखान्याशी समन्वय साधल्यास काचपट्टीची तपासणी, माइटच्या अवस्थांची मोजणी व नोंद यांत विभागाचे साहाय्य होऊ शकेल. अष्टपादांचा पाठ्यक्रमातील भाग विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष नमुन्यावर शिकविता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून 'प्रत्येक लूत संसर्गजन्य नसते' हा संदेश अहिराणी, गुजरी, भिली व पावरी या परिसरातील बोलींतून पोहोचविता येईल.

निष्कर्ष

१) 'लूत' ही लक्षणवाचक संज्ञा आहे. तिच्यावरून संसर्गाचा वा उपचाराचा निर्णय घेणे योग्य नाही.
२) डेमोडेक्स माइट स्पर्शातून व रोगाची प्रवृत्ती जनुकांतून येते. हा रोग माणसास लागत नाही, त्यामुळे रोगी कुत्र्यास घराबाहेर काढण्याचे कारण नाही.
३) खोल खरवड नमुना हा निदानाचा व उपचारसमाप्तीचा आधार असावा. त्यापूर्वी स्टेरॉइड देऊ नये.
४) स्थानिक रोगात संयम, सार्वदेहिक रोगात दीर्घ उपचार व बऱ्या झालेल्या कुत्र्याची नसबंदी ही व्यवस्थापनाची त्रिसूत्री होय.
५) जनुकीय चाचणी उपलब्ध होईपर्यंत वेतांची प्रामाणिक नोंद हेच या रोगाच्या प्रतिबंधाचे प्रमुख साधन आहे. ती नोंद ठेवण्याची जबाबदारी प्रजननकर्त्याची आणि ती मागण्याची जबाबदारी ग्राहकाची आहे.